प्रोटीन कायनेज सी : फॉस्फो-बँड हलत नाही, मग विकर जागं झालं हे ओळखायचं कशावरून?

रानजाई

मंडळी, पीकेसी म्हणजे प्रोटीन कायनेज सी, इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारं विकर (एन्झाइम). त्याच्या ब्लॉटबद्दल (प्रथिनं जेलवर वेगळी करून, कागदावर उतरवून अँटिबॉडीने शोधण्याची चाचणी) नेमकं मार्गदर्शन हवं आहे. मांडणी अशी आहे:

हेला पेशी (माणसाच्या कर्करोगापासून वाढवलेल्या), रात्रभर ०.५ टक्के सिरमवर. मग पीएमए, म्हणजे पीकेसीला जागं करणारं रसायन, १०० नॅनोमोलर, ३० मिनिटं. दुसऱ्या डिशमध्ये हिस्टामिन १०० मायक्रोमोलर, ५ मिनिटं. पेशी थेट सॅम्पल बफरमध्ये उकळल्या आणि फॉस्फो-पीकेसी पॅन अँटिबॉडी लावली, ती पीकेसीच्या बीटा-२ प्रकारातल्या सेरीन ६६० वरचा फॉस्फेट ओळखते.

निकाल: काहीच न दिलेल्या पेशी, पीएमए, हिस्टामिन, तिन्हींत बँड सारखाच ठळक. पीएमए २४ तास ठेवलं तर मात्र बँड जवळजवळ नाहीसा. बीआयएम-१ हे पीकेसीचं अवरोधक दिलं की बँड कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. हे सगळं उलटंच दिसतंय. अँटिबॉडी खराब आहे का?

---

काचनळी

अँटिबॉडी ठणठणीत आहे. तुमचा ब्लॉट अगदी खरं सांगतोय, फक्त प्रश्न चुकीचा विचारला गेलाय.

ईआरके किंवा एकेटी या दुसऱ्या कायनेजांच्या बाबतीत फॉस्फेट बसला की विकर सक्रिय झालं असं आपण धरून चालतो. पीकेसीत तसं नाही. प्रथिन तयार झाल्यावर लगेच, एकदाच, तीन ठिकाणी फॉस्फेट बसतात. अल्फा प्रकारात थ्रिओनिन ४९७, थ्रिओनिन ६३८ आणि सेरीन ६५७. बीटा-२ मध्ये त्याच जागा ५००, ६४१ आणि ६६० अशा. पहिला पीडीके-१ हे दुसरं कायनेज बसवतं. शेपटीकडच्या दोन्हींसाठी एमटॉर-कॉम्प्लेक्स-२ हा आणखी एक कायनेज-संच लागतो. हे झाल्याशिवाय प्रथिनाची घडी पक्की होत नाही आणि ते टिकतही नाही. म्हणजे हे फॉस्फेट विकर परिपक्व झाल्याची खूण आहेत, सक्रिय झाल्याची नाही. शांत पेशीतलं बहुतेक पीकेसी आधीच तिन्ही फॉस्फेट घेऊन बसलेलं असतं, पण मिटलेलं. त्याच्याच टोकाचा एक तुकडा, आभासी सब्स्ट्रेट (विकर ज्यावर काम करतं त्या प्रथिनासारखा दिसणारा), सक्रिय खाचेत बूच बसवावं तसा रुतलेला असतो.

तुमचे दोन्ही 'उलटे' निकाल इथूनच सुटतात.

२४ तासांत बँड जातो, कारण पीएमए पीकेसीला सतत उघडं ठेवतं. उघड्या रूपात फॉस्फटेजना, पीएचएलपीपी आणि पीपी-२ए यांना, फॉस्फेट सहज काढता येतात. फॉस्फेट गेलेलं प्रथिन मग मोडीत निघतं. सक्रियतेचा हा उशिराचा परिणाम आहे.

बीआयएम-१ ने बँड वाढतो, कारण ते एटीपीच्या खाचेत बसतं आणि त्या स्थितीत फॉस्फेटना संरक्षण मिळतं. काम बंद, फॉस्फेट शाबूत. म्हणून 'फॉस्फो-पीकेसी वाढलं, सबब पीकेसी सक्रिय झालं' हे वाक्य कुठल्याही लेखात दिसलं तर तिथे थांबून विचार करा. दुर्दैवाने ते फार ठिकाणी दिसतं.

---

सूक्ष्मदर्शी

काचनळी यांच्याशी पूर्ण सहमत. एक भर: 'पॅन' या शब्दावर विसंबू नका. हे एक विकर नाही, नऊ जनुकांचं कुटुंब आहे आणि त्यात तीन शाखा आहेत.

पारंपरिक शाखा: अल्फा, बीटा-१, बीटा-२, गॅमा. बीटाचे दोन्ही एकाच जनुकाचे, शेवटची सुमारे ५० अमिनो आम्लं तेवढी वेगळी. यांना कॅल्शियम आणि डायअसिलग्लिसरॉल, म्हणजे डीएजी हे पटलातलं लिपिड, दोन्ही लागतं.

नव्या शाखेत डेल्टा, एप्सिलॉन, ईटा, थीटा. यांना डीएजी पुरतं. पारंपरिकांत कॅल्शियम धरणारा जो सी-२ भाग असतो, तो यांच्यात कॅल्शियम धरतच नाही.

तिसऱ्या, म्हणजे अपारंपरिक शाखेत झीटा आणि आयोटा. उंदरातल्या आयोटाला लॅम्डा म्हणतात. यांना कॅल्शियमही नको आणि डीएजीही नको. यांच्यात पीबी-१ नावाचा भाग असतो, त्याच्या आधारे ती पार-६ या प्रथिनाला धरतात आणि पेशीची वरची-खालची बाजू ठरवण्याच्या कामात असतात. पीएमए यांना हलवत नाही.

तुमच्या अँटिबॉडीच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे झीटा-आयोटामध्ये त्या ६६० च्या जागी सेरीनच नाही, तिथे मुळात ग्लुटामेट आहे. म्हणजे 'पॅन' अँटिबॉडी कुटुंबातली दोन माणसं मोजतच नाही. जुन्या लेखांत 'पीकेसी म्यू' दिसलं तर ते आजचं पीकेडी-१ (प्रोटीन कायनेज डी-१) आहे, ते या कुटुंबातलं नाही.

---

रानजाई

हे स्पष्ट झालं. मग सक्रियता दाखवायची कशी? जागं झालेलं पीकेसी पटलावर जातं, मग पेशीद्रव आणि पटल वेगळं करून?

---

काचनळी

हो, आणि त्यातही एक खड्डा आहे. आधी कृती सांगतो.

१० सेमी डिश, ९० टक्के भरलेली. वेळा ०, ५, १५, ३० मिनिटं. पीएमए १ मिग्रॅ असेल तर १.६२ मिली डीएमएसओमध्ये विरघळवा, १ मिलिमोलर होतं. त्यातून १०० मायक्रोमोलरचा दुसरा साठा डीएमएसओमध्येच करा आणि माध्यमात हजारात एक टाका. १०० नॅनोमोलर पीएमए, ०.१ टक्का डीएमएसओ. पाण्यात पातळ करून ठेवू नका, ते भांड्याच्या भिंतीला चिकटतं आणि दुसऱ्या दिवशीची मात्रा पहिल्या दिवसासारखी राहत नाही. हातमोजे हवेतच, कातडीला दाहक आहे आणि ट्यूमर वाढवणारं आहे.

वेळ झाली की डिश थेट बर्फावर, थंडगार पीबीएसने दोनदा धुवा. ५०० मायक्रोलिटर बफर: ट्रिस २० मिलिमोलर पीएच ७.५, सुक्रोज ०.२५ मोलर, ईडीटीए २, ईजीटीए ५, डीटीटी १, सोडियम फ्लोराइड १०, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट २० मिलिमोलर आणि प्रोटिएज अवरोधकांचं मिश्रण. डिटर्जंट अजिबात नाही. पेशी खरवडा, २५ गेजच्या सुईतून १५ वेळा ओढा-सोडा. ट्रिपॅन ब्लू (फुटलेल्या पेशींना निळं करणारा रंग) लावून एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. ९० टक्क्यांहून जास्त पेशी फुटलेल्या दिसल्या की थांबा. त्यापुढे केंद्रकं फुटू लागतात, डीएनए बाहेर येतो आणि सगळं चिकट होतं.

१,००० जी, १० मिनिटं, ४ अंश: केंद्रकं आणि न फुटलेल्या पेशी खाली. वरचा द्रव १,००,००० जी ला १ तास. वर राहतं ते पेशीद्रव. पेलेट त्याच बफरने एकदा धुवा, ही पायरी गाळली तर पेलेटमध्ये अडकलेलं पेशीद्रव 'पटल' म्हणून मोजलं जातं. मग १ टक्का ट्रायटन एक्स-१०० घातलेल्या बफरमध्ये ३० मिनिटं बर्फावर ठेवा आणि १६,००० जी ला १५ मिनिटं फिरवा. वरचा द्रव म्हणजे पटलाचा भाग.

जेलवर दोन्ही भाग समान पेशींच्या हिशेबाने घाला, समान प्रथिनाच्या नाही. पटलाच्या भागात एकूण प्रथिन कमी असतं. दोन्हीकडे २० मायक्रोग्रॅम घातलं तर पटलातला बँड आपोआप फुगतो. पेशीद्रवासाठी जीएपीडीएच आणि पटलासाठी सोडियम-पोटॅशियम एटीपीएज, भाग नीट वेगळे झाले का हे दाखवणारी ही दोन्ही प्रथिनं प्रत्येक ब्लॉटवर हवीतच.

शेवटचं: सोडियम व्हॅनाडेट घातलं म्हणून फॉस्फटेज थांबले असं समजू नका. ते टायरोसिनवाल्यांना थांबवतं. इथे सेरीन आणि थ्रिओनिन आहेत, फ्लोराइड आणि ग्लिसरोफॉस्फेटशिवाय भागत नाही.

---

निळावंती

तो खड्डा मी सांगते, कारण हिस्टामिनच्या डिशमध्ये रानजाई नेमक्या त्यातच पडणार आहेत.

हिस्टामिन त्याच्या एच-१ ग्राहकाला बसतं, जीक्यू हे निरोप पोचवणारं प्रथिन जागं होतं, फॉस्फोलायपेज सी हे विकर पटलातलं पीआयपी-२ हे लिपिड तोडतं. त्याचे दोन तुकडे होतात. आयपी-३ पेशीद्रवात जाऊन अंतर्द्रव्य जालिकेतलं कॅल्शियम सोडवतं आणि डीएजी पटलातच राहतं. अल्फा आधी कॅल्शियमच्या जोरावर सी-२ भागाने पटलाला टेकतं, मग पटलावर सरकत सरकत सी-१ भागाने डीएजी शोधतं. डीएजी सापडलं की आभासी सब्स्ट्रेट खाचेतून निघतो.

आता वरच्या बफरमध्ये काय आहे? ईजीटीए, ५ मिलिमोलर, आणि ईडीटीए, २ मिलिमोलर; दोन्ही कॅल्शियम पकडतात. पेशी फुटल्या क्षणी सगळं मोकळं कॅल्शियम गेलं. अल्फाची पटलावरची पकड कॅल्शियम आणि थोड्याशा डीएजीवर होती, ती सुटते आणि सगळं पेशीद्रवात दिसतं. पीएमएची पकड मात्र घट्ट असते आणि पीएमए डीएजीसारखं लवकर मोडलंही जात नाही, म्हणून तिथे अल्फा पटलावर टिकतं. म्हणून पीएमएच्या डिशमध्ये सुंदर निकाल, हिस्टामिनच्या डिशमध्ये शून्य, आणि निष्कर्ष लिहिला जातो 'हिस्टामिन पीकेसी जागं करत नाही'. तो चुकीचा.

ईजीटीए-ईडीटीए काढून टाकणं हा उपाय नाही. मग जालिकेतलं आणि माध्यमातलं कॅल्शियम शांत पेशीतल्या अल्फालासुद्धा पटलाला चिकटवतं आणि शून्य मिनिटाचा बँडच पटलात दिसतो. नैसर्गिक उद्दीपकासाठी जिवंत पेशीतच पाहायला हवं. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेलं अल्फा घाला आणि दर ५ सेकंदांनी एक चित्र घ्या. मिनिटाला एक घेतलंत तर जाणं आणि परत येणं दोन्ही दोन चित्रांच्या मध्ये होऊन जाईल. कॅल्शियमच्या लाटांबरोबर ते पटलावर जाऊन परत येताना स्पष्ट दिसतं.

नव्या शाखेसाठी चित्र वेगळं आहे. त्यांच्या सी-१बी भागात एका ठराविक जागी ट्रिप्टोफॅन आहे, पारंपरिकांत तिथे टायरोसिन आहे. एवढ्या एका फरकाने डीएजीची ओढ जवळजवळ शंभर पटीने वाढते. कॅल्शियमची मदत नसताना डेल्टा किंवा एप्सिलॉन काम करू शकतात ते यामुळे. एका अमिनो आम्लावर कुटुंबाची एक अख्खी शाखा उभी आहे, मला हा या विषयातला सगळ्यात देखणा भाग वाटतो.

---

विकरवेध

जागा बदलणं ही अर्धी साक्ष झाली. काम केलं का, हे सब्स्ट्रेटवरूनच कळतं. मार्क्स हे पीकेसी ज्यावर फॉस्फेट बसवतं असं प्रथिन; फॉस्फो-मार्क्स हा सोपा मापक आहे. १०० नॅनोमोलर पीएमएवर ५ ते १५ मिनिटांत वाढायला हवा आणि गो-६९८३ हे पीकेसीचं अवरोधक १ मायक्रोमोलर आधी ३० मिनिटं दिलं तर पडायला हवा.

पण मार्क्सचा बँड कुठे येतो ते नीट लक्षात ठेवा. हिशेबाने वजन ३२ किलोडाल्टन भरतं, जेलवर मात्र ते ८० च्या आसपास धावतं, कारण त्याची ठेवणच लांबट, आम्लधर्मी आणि घडी नसलेली आहे. आणि पीकेसी अल्फा? तेही ८० लाच. एकाच कागदावर आधी अल्फा लावून, पुसून, मग फॉस्फो-मार्क्स लावलं तर जुना सिग्नल आणि नवा सिग्नल वेगळा करता येणार नाही. सरळ दोन कागद करा. आणि जेलच्या खालचा भाग ३२ ला दिसेल म्हणून वरचा कापून फेकू नका.

फॉस्फो अँटिबॉडी ५ टक्के बीएसएमध्ये, टीबीएस-ट्वीनमध्ये. दुधात केसिन असतं, ते स्वतःच फॉस्फेटने भरलेलं प्रथिन आहे, त्याने पार्श्वभूमी वाढते.

---

रानजाई

मनापासून आभार. अवरोधकांबद्दल विचारते. बीआयएम-१ दिल्यावर अल्फा पटलावर जाणं थांबायला हवं ना?

---

विकरवेध

नाही. बीआयएम-१, गो-६९८३, गो-६९७६ ही सगळी एटीपीच्या जागेशी स्पर्धा करतात. सी-१ आणि सी-२ भाग मोकळेच असतात. विकर पटलावर जाईल, तिथे बसेल, काम करणार नाही. 'अवरोधक दिलं तरी पटलावर गेलं, म्हणजे अवरोधक निकामी' हा निष्कर्ष चुकीचा ठरेल.

थोडक्यात निवड अशी. गो-६९७६ पारंपरिकांना धरतं, पण पीकेडीलाही धरतं. गो-६९८३ पारंपरिक आणि नवे दोन्ही धरतं, पीकेडीला फारसं नाही. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी लावले तर माहिती जास्त मिळते. बीआयएम-१ आरएसके आणि जीएसके-३ या दुसऱ्या कायनेजांना पण लागतं, १ ते २ मायक्रोमोलरच्या वर जाऊ नका. स्टॉरोस्पोरिन सगळ्याच कायनेजना धरतं, त्यावरून पीकेसीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आणि रॉटलेरिन. डेल्टाचं खास अवरोधक म्हणून ते अजून मागवलं जातं. ते मायटोकॉन्ड्रियातला प्रोटॉनचा उतार मोडतं, पेशीतलं एटीपी खाली येतं आणि जे दिसतं ते त्याचं दिसतं. डेल्टाचा प्रश्न असेल तर आरएनएआयने (जनुकाचा संदेश गप्प करून) डेल्टा कमी करा. या एका रसायनावर उभे असलेले निष्कर्ष बघून खरंच वाईट वाटतं.

---

निळावंती

पीएमएबद्दलही हीच काळजी. सी-१ भाग फक्त पीकेसीत नसतो. आरएएसजीआरपी, पीकेडी, मंक-१३, कायमेरिन, या सगळ्यांना पीएमए बसतं. टी पेशींत पीएमएने ईआरके पेटलं तर ते आरएएसजीआरपीवाटेही असू शकतं. चेतापेशींत पीएमएने स्रवण वाढलं तर मंक-१३ चा विचार आधी करा.

निष्क्रिय जुळं म्हणून ४-अल्फा-पीएमए वापरा. ४-अल्फा-पीडीडी वापरायचं असेल तर सावध, ते पीकेसीला उठवत नाही हे खरं, पण टीआरपीव्ही-४ नावाची कॅल्शियम वाहिनी उघडतं. कॅल्शियम मोजणाऱ्या प्रयोगात असं नियंत्रण घेऊन चालणार नाही.

---

जेपाळ

धागा वाचून एक गोष्ट सांगाविशी वाटली. पीएमए आलं कुठून? जमालगोट्यातून. आपण ज्याला जेपाळ म्हणतो, क्रोटन टिग्लियम, त्याच्याच बियांच्या तेलातून. तीव्र रेचक म्हणून वैद्यांना हे बी फार पूर्वीपासून माहीत आहे आणि शोधन केल्याशिवाय ते वापरत नाहीत. विसाव्या शतकात उंदराच्या कातडीवर दिसलं की आधी कर्कजनक रसायनाचा एक हात आणि मग क्रोटन तेलाचे पुन्हा पुन्हा लेप दिले तर गाठी येतात. नुसत्या तेलाने सहसा येत नाहीत. तेलातला गुणकारी भाग १९६० च्या दशकात वेगळा झाला, तो पीएमए.

तिकडे जपानमध्ये कोबे विद्यापीठात यासुतोमी निशिझुका यांच्या गटाला १९७७ मध्ये उंदराच्या मेंदूत हे कायनेज सापडलं. पुढे कॅल्शियम, फॉस्फोलिपिड आणि डीएजीची गरज कळली. १९८२ मध्ये दोन्ही वाटा मिळाल्या: पीएमए डीएजीच्या जागी बसून पीकेसीला उठवतं.

त्यातून सरळ अर्थ काढला गेला की पीकेसी जागं झालं म्हणजे कर्करोग, तेव्हा अवरोधक द्या. पीकेसी अवरोधकांच्या चाचण्या अनेक झाल्या, कर्करोगात अपेक्षित यश आलं नाही. मिडोस्टॉरिन पीकेसी अवरोधक म्हणूनच जन्मलं, पण २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती एफएलटी-३ या जनुकातल्या बदलांच्या रक्तकर्करोगासाठी. २०१५ मध्ये अलेक्झांड्रा न्यूटन यांच्या गटाने कर्करोगातले पीकेसीचे बदल एकेक करून तपासले. तपासलेल्यांपैकी बहुतेक बदल विकराला निकामी करणारे निघाले, जास्त सक्रिय करणारा एकही नाही. म्हणजे पुष्कळ ठिकाणी पीकेसी गाठीला आवर घालणारं असावं.

काचनळी यांनी वर सांगितलेलं इथे लागू पडतं. पीएमएचे लेप रोज दिले की पीकेसी काही तास सक्रिय असतं आणि मग संपून जातं. लेपांमधल्या बऱ्याच काळात कातडीत पीकेसी नसतंच.

---

काचनळी

जेपाळ, फार नेमकं मांडलंत. पारडं दुसऱ्या बाजूलाही झुकतं, हे जोडतो. गॅमाच्या जनुकातल्या बदलांनी स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया १४ (तोल आणि हालचाल बिघडवणारा आनुवंशिक मेंदूविकार) होतो, त्यातले बरेच बदल सी-१ भागात आहेत आणि तिथे विकराचा आवर सुटलेला असतो. थीटा टी पेशीच्या सक्रियतेत मोक्याच्या जागी आहे. 'पीकेसी चांगलं की वाईट' हा प्रश्न कुठल्या शाखेचं, कुठल्या पेशीत, याशिवाय विचारताच येत नाही.

---

रानजाई

शेवटचा प्रश्न. शुद्ध विकर घेऊन नळीतच मोजायचं असेल तर लिपिड कसं तयार करायचं? बाटलीवर क्लोरोफॉर्ममधलं फॉस्फॅटिडिलसेरीन आहे.

---

विकरवेध

काचेची नळी घ्या. प्लॅस्टिक नको, पॉलिस्टायरीन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं आणि पिपेटचं टोकही पाझरतं, काचेची सिरिंज उत्तम.

दहापट साठा, १ मिलीसाठी: १० मिग्रॅ/मिली फॉस्फॅटिडिलसेरीन सुमारे ११३ मायक्रोलिटर, १ मिग्रॅ/मिली डायओलिओइल ग्लिसरॉल सुमारे २४ मायक्रोलिटर. नायट्रोजनच्या हलक्या झोतात नळी फिरवत वाळवा, भिंतीवर पातळ पापुद्रा दिसेल. क्लोरोफॉर्मचा वास उरला असेल तर अजून वाळवा, तो विकराला मारतो. मग हेपेस २० मिलिमोलर पीएच ७.४ घाला, जोरात हलवा, बर्फात ठेवून सॉनिकेट करा. आधी दुधाळ असतं, मग निळसर झाक असलेलं जवळपास पारदर्शक होतं. त्याच दिवशी वापरा.

५० मायक्रोलिटरच्या मिश्रणात ५ मायक्रोलिटर साठा. म्हणजे फॉस्फॅटिडिलसेरीन १४० आणि डीएजी ३.८ मायक्रोमोलर, डीएजी एकूण लिपिडच्या जेमतेम अडीच टक्के. मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर, एटीपी १०० मायक्रोमोलर, कॅल्शियम क्लोराइड १०० मायक्रोमोलर, ३० अंशांवर १० मिनिटं. पेप्टाइड म्हणून अल्फाचा आभासी सब्स्ट्रेट, त्यातलं अ‍ॅलॅनिन काढून सेरीन बसवलेला. प्रोटामिन घेऊ नका, त्याला लिपिड-कॅल्शियमशिवायही फॉस्फेट बसतो आणि फरक दिसत नाही.

नियंत्रण म्हणून एक नळी लिपिडशिवाय, कॅल्शियमच्या जागी ईजीटीए ५०० मायक्रोमोलर. पारंपरिक शाखेचं विकर असेल तर इथे अगदी थोडं काम दिसायला हवं. भरपूर दिसलं तर तुकडा पडला आहे: मधल्या बिजागरीत प्रोटिएजने कापलेलं पीकेसी कायमचं उघडं राहतं. विकर जेलवर चालवून पाहा, ८० च्या जोडीला ५० च्या आसपास बँड असेल.

आणि कॅल्शियम असूनही काम दिसत नसेल तर विकर कुठल्या बफरमध्ये आलंय ते वाचा. त्यात २ मिलिमोलर ईजीटीए असेल आणि तुम्ही ५० मध्ये ५ मायक्रोलिटर विकर घातलं, तर मिश्रणात २०० मायक्रोमोलर ईजीटीए आलं. तुमचं १०० मायक्रोमोलर कॅल्शियम तिथेच गिळलं गेलं. विकर आधी जास्त संहत मिळवा आणि १ मायक्रोलिटरच घाला, नाहीतर कॅल्शियम तेवढ्या हिशेबाने वाढवा.